चिंचमळ्यात ऊन मोजलं तेव्हा

माणसाचा डोळा बोरासारखा गोल असावा अशी निसर्गाची अपेक्षा असते. तो वाढत्या वयात जांभळासारखा लांबट झाला की लांबचं अंधुक दिसायला लागतं आणि चष्मा लागतो. हे मी चार वर्षं कॉलेजात शिकलो, पण माझ्या बहिणीला, स्नेहलला, ते बोर-जांभूळ म्हटल्यावर एका मिनिटात कळलं. कळल्यावर ती म्हणाली, "म्हंजी आमच्या तेजूचं जांभूळ झालंय?"

झालं होतं. तेजस्विनी ही माझी भाची. दहा वर्षांची, पाचवीत. दर सहा महिन्यांनी मी तिचे डोळे तपासायचो आणि दर सहा महिन्यांनी नंबर चढलेला असायचा. एक, मग दीड, मग सव्वादोन, आता तीन.

"ऋत्या, ह्या येगानं लग्नात हिला नवरा दिसायचा नाय," स्नेहल म्हणाली.

"काही नवरे न दिसलेलेच बरे," मी म्हणालो. दाजी समोरच चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

मी विनोद करत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. नंबर असाच पळत राहिला तर प्रश्न नुसत्या जाड काचेचा नसतो. पुढं मोठेपणी डोळ्याचा पडदा ताणून सुटायची भीती असते. हे मी स्नेहलला सांगितलेलं नव्हतं. तिनं ते यूट्यूबवर आधीच पाहिलं होतं आणि मला सांगितलेलं नव्हतं. असे आम्ही भाऊ-बहीण. तेजूचा नंबर थांबला पाहिजे, एवढं एकच आम्हा दोघांच्या डोक्यात होतं.

त्याच वर्षी पुण्याच्या एका नेत्रसंस्थेनं आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात अभ्यास काढला: मुलांना लांबचं कमी का दिसायला लागतं? प्रमुख डॉक्टर वैजयंती मॅडम. मी त्यांचा सहायक. म्हणजे शोध त्यांचा, मोटारसायकल माझी. आम्ही दोन ठिकाणं घेतली होती. एक म्हणजे पश्चिमेच्या डोंगरातली भात-नाचणी पिकवणारी एक वाडी, आणि दुसरा चिंचमळा, पिंपरी पेंढारच्या पुढं उसात बुडालेली, माझ्या बहिणीच्या सासरची वस्ती.

मॅडमना खात्री होती की गुन्हेगार मोबाइल आहे. मलाही होती. पहिल्या फेरीत आम्ही दोन्हीकडच्या पोरांचे डोळे तपासले आणि घरोघर विचारलं की पोरगं मोबाइल किती वेळ बघतं. डोंगरातली पोरं आणि चिंचमळ्यातली पोरं अगदी सारखाच वेळ मोबाइल बघत होती. पण चिंचमळ्यातल्या पोरांचे डोळे जांभळं, आणि डोंगरातल्या पोरांचे डोळे अशी बोरं, की नुसती बघत राहावीत.

"हे शक्य नाही," मॅडम म्हणाल्या. "खोटं सांगतायत."

मी खातरजमा करायला डोंगरात गेलो. शाळा सुटली तशी पोरं दप्तरं टाकून थेट टेकडी चढायला लागली. मी मागोमाग, धापा टाकत. वर एक मोठी शिळा होती. तिच्यावर अठरा पोरं उन्हात ओळीनं बसली आणि त्यांनी मोबाइल काढले. का, तर रेंज फक्त त्या शिळेवर येते. खाली घरात मोबाइल म्हणजे नुसता आरसा.

मी तिथंच शिळेवर नाचलो. पोरांना वाटलं विंचू चावला. पण मला दिसलं होतं, आणि एवढं स्पष्ट मला यंत्रातूनसुद्धा कधी दिसलेलं नाही. मोबाइल दोन्हीकडं सारखाच होता, फरक होता तो उन्हाचा. मोकळ्या उजेडात राहिलं की डोळ्याची लांबण्याची घाई कमी होते, हे मॅडमच आम्हाला शिकवायच्या. म्हणजे प्रश्न उरला एकच. चिंचमळ्यातली पोरं उन्हात का जात नाहीत?

उतरताना मी एका आजोबांना विचारलं, "बाबा, इकडं बिबट्या?"

"पूर्वी व्हता," ते म्हणाले. "आता खाली उसात गेला. तिकडं पानी, सावली, कुत्री, समदं हाये. हितं डोंगरात त्याला काय ठिवलंय? त्यो बागायतदार झाला."

मी मोटारसायकलला किक मारली आणि मंचरच्या आमच्या खोलीपर्यंत ओरडत आलो.

"मॅडम, बिबट्या!"

मॅडम टेबलावर चढल्या. तो नाही, त्याचा शोध, असं सांगून मी त्यांना खाली उतरवलं. मग सांगितलं की चिंचमळ्यात साडेचारनंतर एकही पोर बाहेर दिसत नाही. शेजारच्या शिवारात दोन वर्षांपूर्वी जे झालं त्याबद्दल वस्तीत कोणी बोलत नाही, पण त्या दिवसापासून शाळा सुटली की पोर घरात आणि दाराला कडी. शनिवार-रविवारीही तेच. बाहेर दोन तास लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पोरं आत, अंधारात, हातात मोबाइल. "मोबाइल त्यांनी धरलाय मॅडम, पण त्यांना मोबाइलकडं ढकललंय बिबट्यानं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "ऋतिक, जगातल्या एकाही शोधनिबंधात लघुदृष्टीचं कारण म्हणून बिबट्या नाही."

"तिकडं ऊस नसेल."

त्या हसल्या नाहीत. पण म्हणाल्या, "पुरावा आण. आपल्याकडं उजेडमापक आहेत ना, ते एक आठवडा चिंचमळ्यातल्या पोरांच्या मनगटावर बांध. तू म्हणतोस तसं निघालं, तर मी समितीपुढं वस्तीला जाळीचं मैदान मागते. सगळीकडून आणि वरूनही बंद. पोरं सुरक्षित, वर ऊन. नाही निघालं, तर आपण मोबाइलविरोधी पत्रकं वाटायची आणि चिंचमळा अभ्यासातून बाद."

जाळीचं मैदान. मला तिथंच तेजू त्यात पळताना दिसली.

उजेडमापक म्हणजे घड्याळासारखी काळी डबी. ती वेळ दाखवत नाही. किती उजेड पडला आणि अंग किती हाललं, एवढंच मनात ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचमळ्यात मारुतीच्या पारावर मी पोरांच्या मनगटांवर त्या बांधल्या. सगळी वस्ती जमली होती. पुढं गेणभाऊ, म्हणजे तेजूचे आजोबा. त्यांचा बैलगाडा आमच्या भागात नावाजलेला. त्यांच्या शेजारी दादाभाऊ. हा घाटातला, म्हणजे गाडे पळतात त्या चढावरचा, निवेदक. शर्यतीत बैल सुटले की माईकवरून जो माणूस ओरडतो, तो हा. त्याला हळू बोलता येत नाही. तो घरात मीठ मागतो तेव्हा शेजारचे आणून देतात.

"तर ही डबी ऊन मोजणार," मी म्हणालो. "जो उन्हात जास्त, त्याचा आकडा मोठा."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. आमच्या भागात बोलायला नको होतं. मी स्वतः अवसरी बुद्रुकचा. मला कळायला हवं होतं.

गेणभाऊंनी टोपी सारखी केली. "पावणं, मग पयला कोन येनार?"

"भाऊ, यात पहिला-दुसरा नसतो."

"पयला नाय तर मोजताय कशाला?"

याला शास्त्रात उत्तर नाही.

"डोंगरातल्या वाडीलाबी बांधनार म्हनं डब्या?" दादाभाऊनं गाव दणाणवून विचारलं.

"हो."

"आन् त्यांचा आकडा किती येनार?"

"चांगला येणार," मी म्हणालो. ही माझी दुसरी चूक. चिंचमळ्याच्या नजरा एकमेकींना भेटल्या. गुलाल-भंडाऱ्यात वाढलेली माणसं ती. मी मात्र खुशीत शीळ घालत निघालो.

आठवड्यानं डब्या परत घेतल्या आणि मंचरच्या खोलीत एकेक कॉम्प्युटरला जोडली. मॅडम शेजारी बसल्या. पहिली डबी शौर्यची. शौर्य म्हणजे तेजूचा चुलतभाऊ.

दिवसाला साडेदहा तास ऊन.

दुसरी डबी, अकरा तास. तिसरी, सव्वाबारा. एवढं ऊन खुद्द सूर्याला मिळत नसावं.

"कुठाय तुझा बिबट्या?" मॅडमनी विचारलं. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांना माझी दया आली होती. "येत्या शनिवारी समिती आहे. मी चिंचमळा काढून टाकते. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्या चहा सांगायला उठल्या. मी तसाच पडद्याकडं बघत राहिलो. तेजूचा पुढचा नंबर माझ्या डोळ्यांपुढं येत होता, साडेतीन, मग चार. आणि बघता बघता मला शौर्यच्या हालचालीच्या रेघेत काहीतरी ओळखीचं दिसलं. दिवसभर शौर्य जागेवर उभा होता. मधूनच मान हलवत होता. गुरुवारी दुपारी मात्र तो एकदम उधळला. बारा सेकंद, असा वेग की रेघ पडद्याबाहेर गेली. मग एकदम थांबला. तासाभरानं परत बारा सेकंद.

पाचवीतलं पोर बारा सेकंद असं पळत नाही. असं कोण पळतं हे अवसरीच्या माणसाला विचारावं लागत नाही. गुरुवारी शेजारच्या गावच्या यात्रेत शर्यत होती. घाटातली एक धाव, जिला आम्ही बारी म्हणतो, ती बारा सेकंदांचीच असते.

"मॅडम!" मी किंचाळलो. "हा शौर्य नाही! हा बैल आहे!"

मॅडमच्या हातातला चहा सांडला. मग आम्ही दोघं तुटून पडलो. दुसरी डबी दिवसभर टेकडं चढून उतरत होती आणि दर दोन मिनिटांनी थांबून खाली वाकत होती. शेळी. तिसरी आठवडाभर एक इंचही हलली नव्हती, पण सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उजेडात होती. पाण्याच्या टाकीचं झाकण. चौथी रोज पहाटे खडखडत निघायची आणि दुपारी परत यायची.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"टोमॅटोची पिकअप. नारायणगावला जाऊन येतेय."

मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. वीस वर्षं त्या डोळ्यांच्या अभ्यासात होत्या. "म्हणजे आपण एक आठवडा एका बैलाची, एका शेळीची आणि एका पिकअपची लघुदृष्टी अभ्यासली."

"बैलाची नजर उत्तम असावी," मी म्हणालो.

शेवटची डबी तेजूची होती. ती एकटीच खरी होती. शाळेत जाता-येता थोडा उजेड, साडेचारला एकदम अंधार, आणि तो थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. रविवारी तर पूर्ण सपाट, जणू ती डबी कोणी गव्हाच्या कणगीत ठेवली होती.

"ही रेघ..." मॅडम हळू म्हणाल्या आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. "पण एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही, ऋतिक."

मी मोटारसायकलवर बसलो होतो.

चिंचमळ्यात पोचलो तर गेणभाऊ बैलाला पेंड चारत होते. बैलाच्या शिंगावर अजून डबीच्या पट्ट्याची खूण होती.

"या पावणं. किती आला आकडा? डोंगरवाल्यांना धरलं का न्हाय?"

"भाऊ, शौर्यची डबी बैलाला बांधली?"

"शिंगाला," ते शांतपणे म्हणाले. "पायाला बांधली आस्ती तं तुटली आस्ती."

"अहो, पण पोराला बांधायची होती!"

गेणभाऊंनी पेंडीचं घमेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं शहरात शिकून बिघडलेल्याकडं बघतात. "पोराला बांधून काय व्हनार? पोरगं घरात! भाईर सोडलं तं बिबट्या न्हेईल का न्हाई? आन् आकडा तं पायजे. मंग उन्हात कोन आसतं वस्तीव? बैल, शेरडं आन् टाकी. त्यास्नी बांधली."

मी त्यांना मिठी मारली. बैल बिचकला.

"भाऊ! हेच! हेच लिहून पाहिजे मला!"

"आता गं बया," स्नेहल ओट्यावरून म्हणाली. "ह्याला ऊन लागलं."

पण कळलं ना? त्यांनी फसवणूक केली होती, आणि ती फसवणूकच पुरावा होती. आपलं पोर उन्हात पाठवता येत नाही, म्हणून माणसानं बैल पाठवला. फक्त हे समितीला पटलं नसतं. समितीला रेघा लागतात. आणि हातात होते दोन दिवस.

"तेजू, तू का नाही बैलाला दिलीस तुझी?" मी विचारलं.

तेजू दारात उभी होती. जाड काचेआडून बारीक डोळे करून ती माझ्याकडं बघत होती. "आज्जा मागत व्हता. मी काढलीच न्हाई. आंघोळीलापन न्हाई. मामा, मी लास्ट आली का?"

"शेवटून पहिली," दादाभाऊ पलीकडच्या गोठ्यातून ओरडला. सबंध वस्तीनं ऐकलं. तेजूनं मान खाली घातली.

आणि तिथं माझं डोकं चाललं. तिची मान आणि दादाभाऊचा आवाज, दोन्ही एकदम समोर आले म्हणून. शर्यतीत सगळ्यात वाईट काय? हरणं नव्हे. हरलेला बैल पुढच्या यात्रेला परत येतो. सगळ्यात वाईट म्हणजे निशाण पडायच्या आधी गाडा सोडला, पंचांनी 'बाद' म्हटलं आणि ते माईकवर चार गावांनी ऐकलं. बाद झालेल्या गाडामालकाला म्हणे पोरीचं स्थळसुद्धा कोणी सांगत नाही. हे खरं नसेल, पण गेणभाऊंना खरं वाटतं.

"दादाभाऊ," मी म्हणालो, "माईक आण."

दादाभाऊला माईक आण म्हणणं म्हणजे म्हशीला पाणी दाखवणं. पाच मिनिटांत पारावर स्पीकर उभा राहिला आणि मी जाहीर केलं: डब्या दोन दिवसांसाठी परत बांधायच्या. या फेरीत पहिला-शेवटचा नाही. पण डबीला कळतं की ती बैलावर आहे, शेळीवर आहे की पोरावर. ज्याची डबी पोराच्या मनगटाऐवजी इतर कुठं सापडेल, त्याचं घर बाद. आणि ते इथंच, या माईकवर, नाव घेऊन.

वस्ती हादरली.

"बाद म्हंजी... बाद?" गेणभाऊ.

"बाद."

"आन् बिनाबाद ऱ्हायला तर?"

"भंडारा उधळायचा. आणि तेजू मागच्या फेरीत एकटी बिनाबाद आहे. हे आत्ताच सांगून टाक, दादाभाऊ."

दादाभाऊनं श्वास घेतला. "ऐका होऽऽ ऐका! गेणभाऊंची नात तेजस्विनी संपत! पैल्या फेरीत आख्ख्या चिंचमळ्यात एऽऽकटी बिनाबाद! बोला, भिर्रर्रर्र!" वडाच्या झाडावरचे बगळे उडाले. तेजूनं मान वर केली आणि एवढी हसली, की चष्मा वर सरकला.

शुक्रवारी, डब्या गोळा करायच्या दिवशी, मॅडम स्वतः आल्या. समितीपुढं उभं राहायचं तर एकदा डोळ्यांनी बघते, म्हणाल्या. चार वाजता त्या गाडीतून उतरल्या. ऊन असं पिवळंजर्द, की वाळत घातलेले कांदे चमकत होते. शाळेतून पोरं आली, आया काठ्या घेऊन त्यांच्या पुढं-मागं चालत होत्या. आणि साडेचारला, मी काही बोलायच्या आत, चिंचमळ्याची दारं लागायला लागली. एक, मग दुसरं, मग ओळीनं सगळी, कड्यांचा आवाज पुढं पुढं सरकत गेला. स्नेहलनं मॅडमचा हात धरून त्यांना आत ओढलं. "मॅडम, भाईर नका थांबू. आत या, च्या घ्या."

आत तेजू, शौर्य आणि शेजारची चार पोरं. एका मोबाइलभोवती सहा डोकी. लाइट नव्हती. मोबाइलचा निळा उजेड सहा चेहऱ्यांवर पडला होता आणि दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर आली होती. तेजूनं त्या पट्टीत तळवा ठेवला होता. तिलाही ते माहीत नव्हतं.

मॅडम त्या तळव्याकडं बघत राहिल्या. मग खिडकीशी गेल्या.

"ऋतिक," त्या कुजबुजल्या. "इकडं ये."

खिडकीतून खळं दिसत होतं, खळ्यापलीकडं उसाचा बांध. बांधावर, उन्हात, मांजरासारखा पसरून तो पडला होता. एक पंजा चाटत होता. कोणाची भीती नाही, कसली घाई नाही. मॅडम खिडकीतून हलल्या नाहीत.

"याची नजर कशी असेल?" त्यांनी विचारलं.

"झकास असणार, मॅडम," मी म्हणालो. "तो दिवसभर बाहेर असतो."

त्यांना हसू फुटलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मग मी दाबलं. मग स्नेहलनं. आम्ही तिघं अंधारात तोंडं दाबून हसत होतो, आणि बाहेर बागायतदार उन्हात आंघोळ करत होता. काही वेळानं तो उठला, आळस दिला आणि उसात गेला, जसा माणूस आपल्या घरात जातो.

डब्या उघडल्या तेव्हा एकही बाद निघाली नाही. सगळ्या रेघा साडेचारला खाली पडल्या होत्या, जशा दाराच्या कड्या. शनिवारी समितीपुढं मॅडमनी काय सांगितलं ते मला बाहेरच्या बाकावरून नीट ऐकू आलं नाही, पण आतून एकदा कोणीतरी "काय?" असं ओरडलं, आणि त्यानंतर "बैलाला?" असं. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. प्रश्नावलीत एक नवा प्रश्न घालायचं मंजूर झालं होतं: 'वन्यप्राण्याच्या भीतीमुळे मूल घरात राहते का?' जाळीसुद्धा मंजूर.

खांब वस्तीनं दिले. जागा गेणभाऊंनी दिली, ज्या पट्टीत ते गाड्याच्या बैलांना सराव द्यायचे तीच. "बैल काय, रस्त्यानंबी पळंल," ते म्हणाले, आणि नाक पुसलं.

पावसाळ्याआधी पिंजरा तयार झाला. मैदान म्हणायचं ठरलं होतं, पण सगळे पिंजराच म्हणतात. चारी बाजूंनी जाळी, वर जाळी, दोन दारांचं फाटक. शाळा सुटली की पोरं सरळ आत. बिबट्या पकडायला वनखात्याचा एक पिंजरा उसाच्या कडेला आधीपासून आहे. तो रिकामा असतो. हा भरलेला असतो. कधीमधी बांधावर तो येऊन बसतो आणि आतल्या पोरांकडं बघतो. पोरंही जाळीला नाकं लावून त्याच्याकडं बघतात. आत कोण आणि बाहेर कोण यावर वस्तीत मतभेद आहेत. गेणभाऊ म्हणतात, "तिकीट लावलं पायजे. फकस्त त्याला."

पण मला हे सगळं सांगायचं नव्हतं. मला सांगायचं होतं ते पुढच्या तपासणीचं.

सहा महिने झाले. थंडी पडली होती, ऊस तोडणीला आला होता. मॅडम, मी, यंत्र, थेंबांची बाटली. तपासणी पारावरच्या खोलीत होती आणि वस्ती बाहेर उभी. दादाभाऊ माईक घेऊन खिडकीशी. त्याला मी बजावलं होतं की तक्ता वाचताना बोलायचं नाही, कारण मागच्या वेळी तो पोरांच्या आधी अक्षरं ओरडला होता आणि सगळ्या चिंचमळ्याची नजर अर्धा तास निर्दोष निघाली होती.

तेजू खुर्चीत बसली. डोळ्यांत थेंब घातले, थांबलो. स्नेहल दाराला टेकून उभी, पदराचं टोक तोंडात. मी यंत्रावर डोळा लावला. पण मॅडमनी मला बाजूला केलं आणि स्वतः बघितलं. उजवा. डावा. परत उजवा. परत डावा.

"किती?" स्नेहलनं विचारलं.

मॅडमनी मला बघायला सांगितलं. मी बघितलं. मोजलं. परत मोजलं.

"तीन," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"म्हणजे तीनच. मागं तीन होता. आता तीन. वाढला नाही, स्नेहल. थांबला!"

स्नेहल मटकन खाली बसली आणि हसायला की रडायला लागली ते मला आजतागायत कळलेलं नाही. तेजू म्हणाली, "मामा, मी बिनाबाद का?" मी तिला उचलून घेतलं.

"काय झालं? काय झालं?" खिडकीतून दादाभाऊ. "बोला ना राव!"

"काही झालं नाही!" मी ओरडलो. "काहीच झालं नाही!"

दादाभाऊनं माईक तोंडाशी नेला. "ऐका होऽऽ! तेजस्विनी संपत! डोळ्याचा निकाल हाती आलेला हाये! सहा महिन्यांत... काऽऽहीही फरक नाऽऽय! जसंच्या तसं! बोला, भिर्रर्रर्र!"

आणि चिंचमळा उसळला. टोप्या उडाल्या. ढोल कोणी आणला माहीत नाही, पण वाजला. गेणभाऊंनी मूठमूठ भंडारा हवेत फेकला आणि काही झालं नाही म्हणून सगळी वस्ती नाचायला लागली.

"अहो, थांबा," मॅडम दारातून सांगत होत्या. "एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही! बाकीची मुलं बघायचीत! दोन वर्षं तरी..."

पुढचं ऐकू आलं नाही. गेणभाऊंनी उधळलेली एक अख्खी मूठ मॅडमच्या चष्म्यावर बसली. दोन्ही काचा पिवळ्या झाल्या. त्यांना काही दिसेना. त्या तशाच हात पुढं करून उभ्या राहिल्या, मग तेजूनं त्यांचा हात धरला आणि त्यांना बाहेर, उन्हात नेलं.